तोडणीनंतरचा भोपळा

परसातल्या भाजीची खरी चव ताजेपणात असते, यावर कोणी वाद घालत नाही. मेथीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते, भेंडी दोन दिवसांत राठ होते, कोथिंबीर तर उपटल्या क्षणापासून उतरणीला लागते. म्हणून घरी भाजी लावणाऱ्याच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: तोडणी आणि चूल यांच्यातले अंतर जितके कमी, तितके चांगले. लाल भोपळा या हिशेबात बसत नाही. वेलावरून सकाळी उतरवलेला भोपळा त्याच दिवशी चिरला, तर तो ताजा असतो हे खरे, पण तो पुरता पिकलेला नसतो. त्याच्या गरात गोडी येण्याचे बरेचसे काम अजून व्हायचे असते, आणि ते वेलावाचून, घराच्या एखाद्या कोपऱ्यात, काही आठवड्यांत होते. मात्र या कामासाठी लागणारा माल वेलावर असतानाच फळात भरलेला असावा लागतो. फळ भरायचे काम वेलाचे आणि भरलेल्याला गोड करायचे काम साठवणीचे. ही दोन कामे वेगळी आहेत, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही आणि तोडणीचा दिवस या दोहोंच्या मधोमध येतो. घरच्या भोपळ्याबद्दल एवढे एकच ध्यानात घेतले, तरी त्याची चव बदलते असे मला वाटते. या प्रकरणात त्याचीच कारणे पाहू.

आधी भोपळा कोणता, हे स्पष्ट केले पाहिजे. दुधी आणि लाल भोपळा ही एकाच कुळातली पण निराळ्या वंशांतली झाडे आहेत. दुधी लॅजिनारिया वंशातला, तो भारतात फार जुना. लाल भोपळा, म्हणजे कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे काशीफळ, हा कुकुर्बिटा वंशातला आणि मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत या वंशातल्या पेपो जातीच्या लागवडीखालच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे प्रामुख्याने मोस्काटा आणि काही प्रमाणात मॅक्झिमा या जाती पिकतात. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ मोस्काटाचा, तर तिथलाच ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्झिमाचा. दुधी खायचा तो कोवळा, बी धरण्याआधी. त्याची कवटी कठीण झाली की तो भाजीतून उठतो आणि तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या कामाला लागतो. लाल भोपळ्याचे उलट आहे. कवच कठीण होणे, बी भरणे, देठ वाळणे या दुधीला बाद करणाऱ्या खुणाच लाल भोपळ्याला पात्र ठरवतात. ज्या लोकांनी तो हजारो वर्षे निवडत आणला, त्यांना अन्नाची चणचण असलेल्या महिन्यांसाठी टिकणारे फळ हवे होते. टिकणे आणि टिकता टिकता चवीला सुधारणे हा त्याचा स्वभाव त्या निवडीतून आलेला आहे.

आता फळाची वाढ पाहू. वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासून दिसतो, त्यामुळे ते ओळखायला कठीण नाही. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. तेवढ्या वेळात मधमाशीने किंवा माणसाने परागकण पोहोचवले नाहीत, तर ते पिल्लू पिवळे पडून गळते. परागीकरण झाल्यावर मात्र फळ झपाट्याने फुगते. साधारण तीन ते चार आठवड्यांत ते जवळजवळ पूर्ण आकाराचे होते, आणि फसगत होते ती इथेच. रोज वाढणारे फळ वाढायचे थांबले, म्हणजे ते तयार झाले, असे डोळ्यांना वाटते. वास्तविक त्या वेळी फक्त घर बांधून झालेले असते, आत सामान यायचे असते. आकार पूर्ण झाल्यावर पुढचे चार आठवडे पानांत तयार झालेली साखर देठातून फळात येत राहते आणि गरात स्टार्च म्हणून साठवली जाते. बाहेरून या काळात काही घडताना दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच परसातले निम्मे भोपळे या काळात घाईने तोडले जात असावेत.

या क्रमाचा सर्वांत स्पष्ट पुरावा न्यूझीलंडमधून मिळतो. तिथले शेतकरी जपानच्या बाजारासाठी मॅक्झिमा जातीचे, गडद हिरव्या सालीचे, ‘डेलिका’ नावाचे भोपळे मोठ्या प्रमाणावर पिकवतात. जपानमध्ये या प्रकाराला ‘काबोचा’ म्हणतात आणि तिथला ग्राहक त्याच्या गराबद्दल फार चोखंदळ असतो, म्हणून न्यूझीलंडच्या संशोधकांना १९९०च्या दशकात या फळाच्या आत नेमके काय चालते, याचा दिवसागणिक तपास करावा लागला. त्यांना फळाच्या आयुष्यात तीन टप्पे दिसले. फुलल्यापासून सुमारे ३० दिवस वाढीचा काळ, तिथून सुमारे ६० दिवसांपर्यंत भरण्याचा काळ, आणि तोडणीनंतर किंवा ६० दिवसांनंतर सुमारे १०० दिवसांपर्यंत पिकण्याचा काळ. मधल्या टप्प्यात स्टार्च वाढतो, शेवटच्या टप्प्यात तो मोडून त्याची साखर, मुख्यतः सुक्रोज, तयार होते. स्टार्चला स्वतःची गोडी नसते. त्यामुळे ६० दिवसांचा भोपळा आज तोडून आज शिजवला, तर तो कोरडा, पिठूळ आणि काहीसा निगोड लागतो. तोच तीन आठवड्यांनी मऊ, दाट आणि गोड लागतो. फळ तेच असते, फक्त त्याच्या गरातल्या विकरांना आपले काम करायला वेळ मिळालेला असतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला हापूस पुरे. झाडावरचा हिरवा, कडक पण तयार आंबा उतरवून अढीत घालायचा, स्टार्चची साखर तिथे व्हायची, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. तसेच कोवळा आंबा कितीही दिवस अढीत ठेवला, तरी त्याला रंग येईल, सुरकुत्या पडतील, पण गोडी येणार नाही, हेही सर्वांना ठाऊक असते. भोपळ्याचे तत्त्व तेच आहे. फरक वेगाचा आहे: आंबा आठ-पंधरा दिवसांत पिकतो आणि उतरतो, भोपळा महिनाभर पिकत राहतो आणि त्यानंतरही बराच टिकतो. आणखी एक फरक महत्त्वाचा. आंबा पिकताना स्वतः इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूने त्याचे पिकणे वेग घेते. भोपळ्यातून हा वायू फारच कमी निघतो. म्हणून भोपळा लवकर गोड व्हावा म्हणून त्याला आंब्याच्या अढीत किंवा केळ्यांच्या फणीशेजारी ठेवण्यात शहाणपण नाही. इथिलीनने हिरवी साल पिवळी पडेल आणि देठ सुटेल. देठ सुटला की त्या जागेतून बुरशी आत शिरते, म्हणजे टिकाऊपणही गेले.

घाईच्या तोडणीचा तोटा केवळ कमी भरण्याचा असता, तर तो एखाद्याने पत्करलाही असता. पण गरात साठलेले अन्न मुळात आपल्यासाठी नसते, ते बियांच्या हिशेबात असते. बिया भरण्याचे काम गराच्या मागून चालते आणि परागीकरणानंतर ५५ दिवसांच्या आसपासपर्यंत सुरू राहते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात ब्रेंट लॉय यांनी भोपळ्याच्या पैदाशीवर अनेक दशके काम केले. फळ लवकर तोडले, तर बिया वाढायच्या थांबत नाहीत, हा त्यांच्या मांडणीतला एक कळीचा मुद्दा. वेलाकडून येणारा पुरवठा तुटलेला असतो, म्हणून त्या गरातलेच अन्न ओढून घेतात. म्हणजे चाळिसाव्या दिवशी तोडलेले फळ घरी ठेवले, की गोड होण्याऐवजी पाणचट होत जाते. ‘आम्ही महिनाभर ठेवूनही गोड झाला नाही’ ही तक्रार ऐकू आली, की कारण बहुधा इथे असते. साठवणीचा उपाय चुकीचा नसतो, तो अपुऱ्या फळावर केलेला असतो. हे पडताळून पाहणे सोपे आहे. भोपळा चिरला की आधी बिया पाहाव्यात. फुगीर, दाणेदार बिया असतील, तर तोडणी वेळेवर झाली होती. चपट्या, पोकळ असतील, तर दोष कशाचा ते कळते.

मग वेळ ओळखायची कशी? यात लोकांच्या हाती अनेक खुणा असतात आणि सगळ्यांचे मोल सारखे नाही. रंग ही सर्वांत फसवी खूण. गडद सालीच्या जातींत साल चाळिसाव्या दिवसाच्या आतच पूर्ण रंगावर येते, भरणे मात्र अजून निम्म्यावर असते. वाजवून पाहणे कलिंगडाला थोडेफार उपयोगी पडते. भोपळ्यात आवाज पोकळीच्या आकारावर आणि गराच्या जाडीवर ठरतो, त्यातून स्टार्चचा पत्ता लागत नाही. नखाची कसोटी बरी: सालीवर नख दाबले आणि खूण उमटली नाही, तर कवच झाले. पण कवच होणे ही किमान अट आहे, पुरेशी अट नाही. देठाकडे पाहणे त्याहून भरवशाचे. मॅक्झिमात हिरवा, रसदार देठ बुचासारखा, भेगाळलेला आणि तपकिरी होतो. मोस्काटात तो पंचकोनी, कडक होतो आणि फळाशी जुळतो तिथे पसरतो. मोस्काटाची साल चकाकी सोडून मंद होते, देठाजवळच्या हिरव्या रेषा विरतात, आणि जमिनीवर टेकलेला फिकट भाग गडद पिवळा किंवा केशरी होतो. या सर्वांपेक्षा खात्रीची खूण मात्र फळावर नसते, ती कॅलेंडरवर असते. मादीफूल उमलले त्या दिवसाची चिठ्ठी किंवा रंगीत सुतळी वेलाला बांधून ठेवावी आणि तिथून दिवस मोजावेत. लहान फळांच्या मॅक्झिमा जातींना ५० दिवसांच्या पुढे, मोस्काटाला ५५ ते ६० दिवस द्यावेत. मोठ्या शेतात हे जमणार नाही, पण परसातल्या दोन वेलांवर फळे असतात ती किती? आपल्याकडच्या जातींना पेरणीपासून तोडणीपर्यंत साधारण चार महिने लागतात. त्यातले पहिले दोन वेल पसरण्यात आणि फुलण्यात जातात हे लक्षात घेतले, तर दोन्ही हिशेब जुळतात.

वेल वाळला की फळ तयार, ही समजूत वेगळी तपासली पाहिजे, कारण ती सर्वांत जास्त पसरलेली आहे आणि अर्धीच खरी आहे. वय पूर्ण होऊन वेल वाळला असेल, तर फळे तयार असतात. पण आपल्या हवेत वेल म्हातारा होऊन फार क्वचित मरतो; त्याला भुरी घेऊन जाते. पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीच्या सुरुवातीला पानांवर पांढरी पूड चढते, पाने करपतात आणि आठ-पंधरा दिवसांत वेलाचा सांगाडा उरतो. अशा वेलावरचे फळ तिथेच राहिले, तर त्याचा रंग येईल, कवचही कठीण होईल, पण साखर बनवणारी पानेच गेल्यावर गरात भरणार काय? म्हणून भोपळ्याच्या गोडीची काळजी करायची असेल, तर ती फळाकडे पाहून नव्हे, पानांकडे पाहून करावी. शेवटचा महिना पाने हिरवी राहिली पाहिजेत. पाण्याचा ताण पडू नये, भुरी दिसताच उपाय व्हावा, आणि एका वेलावर इतकी फळे धरू देऊ नयेत की पानांना सर्वांना पुरेसे देता येणार नाही. उशिरा धरलेली शेंड्याकडची फळे कोवळी असतानाच भाजीला काढणे हा चांगला व्यवहार आहे. डांगराच्या कोवळ्या फळाची भाजी छान होते, वेलाचा भार हलका होतो आणि मागे उरलेली फळे नीट भरतात.

यावर एक सरळ आक्षेप येतो. भरणे वेलावर होते, आणि पिकणेही ६० दिवसांनंतर वेलावर होऊ शकते, तर मग तोडायचेच कशाला? फळ शंभर दिवस वेलावरच राहू द्यावे. तत्त्वतः यात चूक नाही. स्टार्चची साखर व्हायला फळ तोडलेच पाहिजे असे नाही. पण भरून झालेल्या फळाला वेलाकडून मिळण्यासारखे फारसे उरत नाही आणि शेतात धोके मात्र रोज वाढतात. जून-जुलैत लावलेल्या वेलाची फळे सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार होतात, तेव्हा परतीचा पाऊस असतो. ओल्या मातीला टेकलेला भाग सडतो. पाने झडल्यावर उघड्या पडलेल्या फळाला ऊन चटका देते आणि तिथली साल पांढरी, मऊ होऊन बुरशीला वाट देते. उंदीर, घुशी आहेतच. फळमाशीचे म्हणाल, तर ती अंडी घालते ती प्रामुख्याने कोवळ्या फळांत, त्यामुळे कवच झालेल्या भोपळ्याला तिचे भय उरत नाही. पण इतर शत्रू पुरेसे आहेत. फळ भरेपर्यंत त्याच्याखाली विटेचा तुकडा, कौल किंवा वाळलेल्या गवताचा थर ठेवावा, आणि भरल्यावर कोरडा दिवस पाहून ते घरात आणावे. छपरावर किंवा मांडवावर चढवलेल्या वेलाची फळे या बाबतीत सुखी, त्यांना माती लागत नाही.

तोडताना देठ फळावर चार बोटे राहील असा धारदार कोयत्याने कापावा. पिळून तोडू नये आणि देठाला धरून उचलू तर मुळीच नये. देठ मुळाशी तडकला, की ती भेग वरून दिसत नाही आणि सड आतून सुरू होते. तोडलेले फळ धुण्यापेक्षा कोरड्या फडक्याने पुसणे बरे. पहिले आठ-दहा दिवस २७ ते ३० अंश तापमानात, हवा खेळेल अशा सावलीच्या जागी ठेवले, तर बारीक ओरखडे बुचासारख्या थराने भरून येतात आणि कापलेला देठ वाळून बंद होतो. थंड देशांत यासाठी खास उबदार खोल्या लागतात, आपल्याकडे ऑक्टोबरची ऊब ते काम फुकट करते. त्यानंतर फळे एकमेकांवर न रचता, एका थरात, लाकडी फळीवर किंवा गवतावर ठेवावीत. कोकणात तवशी आणि भोपळे सुतळीने बांधून आढ्याला टांगतात किंवा माळ्यावर ठेवतात, त्यामागे हेच शास्त्र आहे: सर्व बाजूंनी हवा, कुठेही ओल नाही, एकाचा दाब दुसऱ्यावर नाही. याउलट अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवणे नुकसानकारक आहे. १० अंशांच्या खाली या फळाच्या पेशींना थंडीची इजा होते. ती लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी, विशेषतः बाहेर काढल्यावर, सालीवर खड्डे पडतात आणि तिथून सड लागते. फ्रिज फक्त चिरलेल्या फोडींसाठी, आणि तोही थोड्या दिवसांपुरता.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. हा सगळा पुरावा न्यूझीलंडच्या डेलिकाचा आणि अमेरिकेतल्या जातींचा. आपला लाल भोपळा तसा आहे का? चांगल्या काबोचाच्या गरात वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक शुष्क पदार्थ असतो आणि त्यात मोठा वाटा स्टार्चचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत आपल्या लाल भोपळ्यात पाणी आहे १०० ग्रॅममागे ९२.६ ग्रॅम, आणि कर्बोदके जेमतेम ४.६ ग्रॅम. जिथे मोडायला स्टार्चच थोडा, तिथे ठेवून ठेवून गोडी वाढणार ती किती? हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. आपल्या पाणीदार जातीचा भोपळा महिनाभर ठेवला म्हणून काबोचाच्या तोडीचा होणार नाही, हे उघड आहे. मात्र कोष्टकातला आकडा बाजारात मिळणाऱ्या फळाचा आहे, आणि बाजाराला भोपळा भरू देण्यात रस नसतो. भोपळा विकला जातो वजनावर. आकार पूर्ण झाला की वजनही जवळजवळ पूर्ण होते. त्यानंतरच्या चार आठवड्यांत गर दाट होतो, पण तराजूत त्याचा फारसा फरक पडत नाही. तोडून ठेवावा, तर पाणी उडून वजन उलट उतरते. थांबण्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळत नाही, म्हणून तो थांबत नाही, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. घरी पिकवणाऱ्याला तराजूचे बंधन नाही. शिवाय जिथे साठा मुळात थोडा, तिथे त्यातला काही भाग घाईने गमावणे अधिक महागात पडते. ज्याच्याकडे वीस आहेत त्याचे चार गेले तर सोळा उरतात; ज्याच्याकडे आठ आहेत त्याचे चार गेले, तर पाणीच उरते. बियाणे निवडताना जाड, घट्ट, गडद केशरी गराची जात घेतली, तर पुढच्या सगळ्या थांबण्याला अर्थ येतो.

स्टार्च किती आहे हे ज्याला स्वतः पाहायचे असेल, त्याच्यासाठी औषधाच्या दुकानातले आयोडीनचे द्रावण पुरेसे आहे. एकाच वेलाची, एकाच आठवड्यात धरलेली दोन फळे घ्यावीत. एक तोडल्याच्या दिवशी चिरावे, दुसरे महिन्याने. प्रत्येकाच्या गराच्या पातळ चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला, की स्टार्च असेल तिथे निळसर काळा डाग उमटतो. पहिल्या चकतीवर तो गडद आला आणि दुसऱ्या चकतीवर फिका, तर स्टार्च मोडला गेला. पहिल्या चकतीवरच फिका आला, तर फळ भरलेच नव्हते. तपासलेली चकती अर्थातच फेकून द्यायची.

स्वयंपाकघरातून येणारा आक्षेप असा की घारग्यांत गूळ पडतोच, भाजीतही गुळाचा खडा असतोच, मग भोपळ्याची स्वतःची गोडी एवढी महत्त्वाची कशाला? पण घारगे करणाऱ्याला भोपळ्याची खरी पारख असते. घारग्यांची कणीक पाण्याने भिजवत नाहीत. वाफवलेल्या भोपळ्याच्या किसात आणि गुळात मावेल तेवढेच पीठ घालतात. गर पाणचट असला, की पीठ वाढत जाते, गूळही मग वाढवावा लागतो, आणि शेवटी घारगा भोपळ्याचा न राहता गोड पुरीसारखा होतो. गर दाट असला, की थोड्या पिठात काम भागते. रंग, वास आणि चव भोपळ्याची राहते. भरितातही तेच. दह्यात कालवल्यावर पाणी सुटणारे भरीत ही बहुधा कच्च्या तोडणीची खूण असते, दह्याची नव्हे. शिवाय साठवणीच्या काळात अनेक जातींच्या गरातले कॅरोटिनॉइड वाढते, म्हणजे केशरी रंग गडद होतो आणि त्यातले जीवनसत्त्व अ बनवणारे द्रव्यही वाढते. गूळ हे देऊ शकत नाही.

थांबायचे तर किती, याचे उत्तर जातीवर आणि हवेवर आहे. पेपो गटातल्या लहान जाती तोडल्यावर लवकर खाव्यात, मॅक्झिमाला दोन-चार आठवडे द्यावेत, मोस्काटाला महिना ते दोन महिने. जपानमध्ये उन्हाळ्यात तोडलेला काबोचा डिसेंबरातल्या दक्षिणायनाच्या शेवटच्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, खाण्याची जुनी प्रथा आहे. चार-चार महिने फळ राखण्याचा अनुभव तिच्यामागे आहे. परंतु परदेशी पुस्तकांतले सहा महिन्यांचे आकडे आपण जसेच्या तसे घेऊ नयेत. ते १२ ते १५ अंशांचे आहेत. तोडलेले फळही श्वास घेत असते, आणि त्या श्वासात साखर जळते. तापमान जितके जास्त, तितका हा खर्च मोठा. ऑक्टोबरात उतरवलेल्या फळाला पुढे थंडीचे महिने मिळतात, म्हणून ते संक्रांतीपर्यंत आरामात सुधारते आणि टिकते. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वेलाचे फळ मे महिन्यात हाती येते. ३८-४० अंशांच्या घरात त्याची स्टार्चची साखर लवकर होते, पण ती साखर खर्चही लवकर होते आणि गर धाग्यांचा, पोकळ होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळी फळाला म्हणून दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबवू नये, आणि त्यानंतर पावसाळी दमट हवेत तर नकोच. दर आठवड्याला फळे हाताळून पाहावीत. देठाभोवती मऊपणा जाणवला किंवा सालीवर ओलसर डाग दिसला, की ते फळ त्याच दिवशी चिरावे. ओरखडलेले आणि देठ मोडलेले आधी संपवावे, धडधाकट फळे मागे ठेवावीत.

साठवणीने न सुधारणारी एक गोष्ट मात्र आहे: कडवटपणा. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या जातींतून ती निवडीने जवळजवळ नाहीशी झाली आहेत, पण शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या बियाण्यातून ती परत येऊ शकतात. ती शिजवून जात नाहीत, ठेवूनही जात नाहीत. चिरल्यावर गराचा कण जिभेला लावून पाहावा, आणि कडू लागला तर अख्खे फळ फेकावे, मग ते कितीही सुंदर पिकलेले असो.

पुढच्या वर्षाचे बी धरायचे असेल, तर त्यासाठी वेलाची पहिली, सर्वांत भरलेली, दुसऱ्या जातीच्या परागापासून वाचवलेली फळे राखावीत, आणि तीही तोडल्यावर लगेच फोडू नयेत. तोडलेल्या फळात महिनाभर राहिलेले बी ताज्या फळातून काढलेल्या बियाण्यापेक्षा चांगले उगवते, कारण गर पिकत असताना बीही आत पक्व होत असते. त्यामुळे बियाण्याचे फळ आणि घारग्यांचे फळ वेगळे काढायची गरज पडत नाही. महिना-दीड महिना ठेवलेला भोपळा फोडावा, बी धुऊन सावलीत वाळवून राखेत घोळून ठेवावे, आणि गर त्याच दिवशी किसणीला लावावा.